मार्गशीर्षापर्यंत थांबायचं कसं?

या आठवड्यात आलेलं पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे.

"ताई, मी ६९ वर्षांचा. एका कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला गेलो. दोन वर्षांपूर्वी पावसात मांगराची, म्हणजे लाकडं-गवत ठेवायच्या खोपीची, भिंत खचली आणि मुलगा घाबरला. तेव्हापासून तो आम्हाला जूनमध्ये भांडुपला आणतो. अकरावा मजला, दोन खोल्या, पाच माणसं आणि सगळीकडे वाळत घातलेले कपडे. खिडकीतून डोंगर दिसतो, तोही निम्मे दिवस ढगात असतो. मला इथे काही कमी नाही. पण रात्री तीनला जाग येते आणि पडल्या पडल्या मी मनात, गावी मार्गशीर्षात फोडतो तशी, लाकडं फोडत असतो. कुठल्या ओंडक्यापासून सुरुवात करायची तेसुद्धा ठरलेलं असतं. गेल्या महिन्यात सोसायटीत गुलमोहर पडला. मी कोयता घेऊन खाली उतरलो आणि चार फांद्या तोडल्या. वॉचमनने अडवलं, कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. मुलाला खाली मान घालावी लागली. तो म्हणाला, 'बाबा, आता बास झालं. गणपतीला जाऊ आणि पाच दिवसांनी तुम्ही आमच्याबरोबर परत या. गॅस आहे, गिझर आहे, लाकडं हवीत कशाला?' त्या रात्री मी सुनेवर ओरडलो. तिचा काही संबंध नव्हता. आता घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. मला वेड लागलंय, की हे म्हातारपण?"

भाऊ, दोन्ही नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ओंडक्यापाशी थांबले. ज्याचं मन विझलेलं असतं तो रात्री तीनला उठून ओंडका निवडत नाही. त्याला काहीच नको असतं. तुम्हाला अजून काहीतरी हवंय, आणि ते इतकं नेमकं हवंय की कुऱ्हाड कुठे मारायची तेही डोळ्यांसमोर आहे. माझा जीव त्या वाक्यानं थोडा हलका झाला.

तरीही झोप मोडते आहे, राग भलत्याच माणसावर निघतो आहे, हे खरं. मुंबईत जून ते सप्टेंबर २००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जुलैत तर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. सकाळी डोळ्यांवर मोकळा उजेड पडला नाही, दिवसभर अंग हललं नाही, दुपारी टीव्हीसमोर डुलकी लागली, की रात्रीची झोप उथळ होते. पण नुसता पाऊस म्हणावं, तर तुमच्या गावात तो मुंबईपेक्षा जास्तच पडतो. तिथे तुम्ही कधी कोंडलात का? तिथे पडवी असते, गोठा असतो, लावणीला डोक्यावर इरलं घेऊन माणसं दिवसभर चिखलात असतात, पागोळ्यांचं पाणी वळवायचं असतं, कौल सरकलं तर बघायचं असतं. पावसातसुद्धा तुमच्यावाचून अडलेलं काहीतरी रोज असतं. अकराव्या मजल्यावर तुमच्यावाचून काहीच अडत नाही. मुलगा हे प्रेमानं करतो, सगळं हातात आणून देतो, आणि त्यातच तुमचा श्वास अडकतो आहे.

हे मला कुठून कळलं ते सांगते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडीलही होते. लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली. उन्हाळाभर सभा, मोर्चे, बैठका चालल्या, त्यात दिवस निघून गेले. पाऊस लागला आणि वडील घरात बसले. शेजारचे बरेच जण गावी गेले होते. वडील गेले नाहीत, कारण आई मुंबईत चार घरची कामं करत होती आणि आम्ही शाळेत होतो. जुलैतल्या एका रात्री आमटीत मीठ कमी पडलं म्हणून त्यांनी ताट भिरकावलं. आईनं भात वेचून गोळा केला आणि एक शब्द बोलली नाही. त्या रात्रीची शांतता मला अजून आठवते, म्हणून तुमच्या घरातली शांतता मला इथे बसून कळते.

दोनेक दिवसांनी शेजारच्या मावशी आल्या. त्यांचं दार पावसानं फुगलं होतं, लागत नव्हतं, आणि रात्री उघडं ठेवून झोपायची भीती वाटत होती. वडिलांनी कुणाकडून तरी रंधा मागून आणला. दार बिजागरीवरून उतरवलं, अडत होतं तिथे खडूनं खूण केली आणि अगदी दोन-तीन हात मारले. मावशी म्हणाल्या, "अजून थोडं काढा की." वडील म्हणाले, "जास्त काढलं तर थंडीत दार आक्रसेल आणि फटीतून वारा येईल." मग बाजूचं दार, मग त्याच्या बाजूचं. श्रावण संपेपर्यंत आमच्या मजल्यावरची सगळी दारं त्यांच्या हाताखालून गेली. संप मिटला नाही, पैसे आले नाहीत, वडिलांचा स्वभावही बदलला नाही. पण ते रात्री झोपायला लागले. ते म्हणायचे, "हाताक काम नसला की डोक्याक गंज चढता." दिवाळीनंतर ते महिनाभर गावी जाऊन आले आणि आजीची वर्षाची लाकडं फोडून आले. परत आले तेव्हा तळव्यांना घट्टे पडलेले होते आणि ते आम्हाला हात दाखवत होते, जसा पगार दाखवतात तसे.

आता गुलमोहराबद्दल. इथे मी तुमच्या बाजूची नाही. रागावू नका. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे आणि मुंबईत त्याचं काम महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण बघतं. आवारात झाड पडलं तर १९१६ या क्रमांकावर कळवायचं, माणसं येतात, तोडून नेतात. कायदा बाजूला ठेवला तरी त्यात जिवाचा धोका होता. कोसळलेल्या झाडाच्या फांद्या वजनाखाली धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात. चुकीच्या ठिकाणी घाव बसला की फांदी उसळते, नाहीतर खोड एकदम कलंडतं. पडताना झाडानं विजेची तार ओढली असेल तर ओल्या पानांतून ती दिसतसुद्धा नाही. गावात पडलेलं झाड तुम्ही आधी चारी बाजूंनी फिरून बघितलं असतं. इथे तुम्ही सरळ घाव घातला. दोन महिने कोंडलेल्या हातांनी तो घाव घातला होता, आणि असे हात घाई करतात. वॉचमननं अडवलं हे त्यानं बरंच केलं. फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्यानं मात्र वाईट केलं. एका म्हाताऱ्या माणसाच्या धडपडीची अशी जाहिरात करणं मला अजिबात पटलेलं नाही.

सूनबाईंचं काम आजच करा. "त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडलो, चूक माझी होती, तुझा काही संबंध नव्हता," एवढंच बोला. त्यापुढे "पण" लावू नका. पाऊस, झोप, मुलगा, गुलमोहर, यातलं काहीही त्या वाक्याला जोडलंत तर माफी मागून परत घेतल्यासारखी होईल. दोन खोल्यांत पाच माणसांचं ओलं-सुकं सांभाळणारी तीही त्याच पावसात कोंडलेली आहे. तिला तर परतायला मार्गशीर्ष नाही.

मुलाशी बोलणं थोडं लांबचं आहे. त्याला वाटतं, बाबांना लाकडं हवीत, आणि लाकडांचं काम तर गॅसनं होतं. म्हणजे प्रश्न सुटला. तुम्ही त्याला लाकडांबद्दल कधी नीट सांगितलंय का? मला वाटतं, नाही. आपल्याकडचे पुरुष अशा गोष्टी बोलत नाहीत, नुसते कोयता घेऊन खाली उतरतात.

त्याला सांगा, की दसरा झाला की आधी भातकापणी आणि झोडणी, आणि ते उरकून मार्गशीर्ष लागला की मगच कुऱ्हाड हातात. ताज्या लाकडाच्या वजनात पाण्याचाच वाटा मोठा असतो. सालीतून ते पाणी सहज जात नाही, कापलेल्या तोंडांतून आणि फोडलेल्या अंगातून जातं, म्हणून नुसते ओंडके रचून भागत नाही, ते फोडावेच लागतात. फोडून, खाली दोन वासे टाकून, वारा खेळेल अशी रास रचली की मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत ऊन खाऊन ती वाळते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले आणि धप्प न वाजता टणटणीत वाजले, टोकांना चिरा दिसल्या, की झालं. मग मे संपायच्या आत सगळं मांगरात आणि पडवीत. ओलं लाकूड जाळलं तर काही आच त्यातलं पाणी उडवण्यातच जाते आणि घरभर धूर होतो. ऐनाचा निखारा टिकतो, आंब्याचं लाकूड भुरुभुरू जळून जातं, काजूचा चीक अंगाला लागला तर पुरळ उठतं. एवढं सगळं तुमच्या हातांना माहीत आहे, आणि मुलाला त्यातलं काही माहीत नाही. मार्गशीर्षात घातलेला घाव पुढच्या आषाढात आंघोळीच्या पाण्याला आणि पेजेला उपयोगी पडतो. एवढ्या लांबची काळजी घेण्याचं दुसरं कुठलं काम आता तुमच्या वाट्याला उरलं आहे?

आणखी एक गोष्ट त्याला नक्की सांगा. आपल्याकडे बऱ्याच गावांत कुणी गेलं की घराघरातून लाकडं जातात. कुणाच्या घरी लग्न असो की मर्तिक, ज्याची रास भरलेली असते त्याच्याकडे माणसं येतात. गावात तुमची पत त्या राशीवर आहे. भांडुपच्या लिफ्टमध्ये तुम्ही फक्त "अकराव्या मजल्यावरचे आजोबा" आहात.

हे ऐकल्यावर मुलगा मऊ होईल, पण त्याची भीती जाणार नाही, आणि ती जावी असं मलाही वाटत नाही. ६९ व्या वर्षी एकट्यानं कुऱ्हाड चालवणं ही काळजी करण्यासारखीच गोष्ट आहे. म्हणून त्याच्याकडे परवानगी मागू नका आणि हट्टही धरू नका, त्याच्यासमोर अटी ठेवा. गणपतीला सगळ्यांबरोबर जा आणि सगळ्यांबरोबर परत या. मुलाचं एवढं ऐका, कारण त्या दिवसांत लाकूड भिजलेलंच असतं, तुम्ही तिथे राहूनही नुसती वाटच बघाल. दिवाळी नातवाबरोबर इथे करा आणि मग गावी जा. जाण्याआधी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी इथेच करून घ्या आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मी लाकडं फोडू का?" "व्यायाम करू का" असं विचारलंत तर ते चालण्याला हो म्हणतील आणि तुम्ही कुऱ्हाड उचलाल. डॉक्टर नाही म्हणाले तर फोडणं दुसऱ्याकडे द्या. रचणं, वाळवणं, निवडणं तुमच्याकडे राहील, आणि ते काम दुय्यम नाही.

हो म्हणाले तर पहिला आठवडा फक्त कोयती आणि बारीक फांद्या. मोठे ओंडके वाडीतल्या एखाद्या तरुणाला मजुरी देऊन फोडायला सांगा. तुमच्या वाट्याला मधले ठेवा. उन्हं चढायच्या आत काम संपवायचं, आणि आवाजाच्या टप्प्यात माणूस असल्याशिवाय कुऱ्हाड उचलायची नाही. छातीत दडपण आलं, जबड्यात किंवा हातात कळ गेली, गार घाम फुटला, तर "हा एवढा ओंडका संपवतो" म्हणायचं नाही. तिथेच बसायचं आणि माणूस बोलवायचा. ओरोसचं जिल्हा रुग्णालय घरापासून किती वेळाच्या अंतरावर आहे आणि गाडी कुणाची मिळेल, हे मुलाला लिहून द्या. त्याची निम्मी काळजी त्या कागदानं जाईल.

झाडाबद्दलही एक शब्द. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत आणि ती पाडायला वनखात्याची परवानगी लागते. बहुधा तुम्हाला हे माहीत असेल. वठलेल्या आणि पडलेल्या लाकडावर तुमची रास भरत असेल तर फारच छान. आणि गॅस आहे तर स्वयंपाक गॅसवरच होऊ द्या. वहिनींनी आयुष्यभर चुलीचा धूर गिळला आहे. त्यांच्या छातीला आणि डोळ्यांना आता तो नको. लाकडं बाहेरच्या न्हाणीच्या चुलाण्याला ठेवा.

आता उरलेले महिने. "ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर जाऊन बसा" असं मी सांगणार नाही. तुम्हाला करमणूक नको आहे. सकाळी पाऊस उघडला की, किंवा छत्री घेऊन, अर्धा तास खाली जा, जिने जमतील तेवढे चढा. दम आणि मांड्या शाबूत राहिल्या तर मार्गशीर्षात अंग धरणार नाही. दुपारी झोपू नका. ही झाली पथ्यं.

खरं काम तुमच्याच इमारतीत आहे. अकरा मजल्यांच्या इमारतीत ऑगस्ट महिन्यात किती दारं फुगलेली असतील, किती कड्या कोयंड्यात बसत नसतील, किती बाथरूमच्या दारांचा तळ सडला असेल? तुम्ही फिटर आहात. बिजागरीला तेल, कडी चार सूत सरकवणं, दाराला रंध्याचे दोन हात. ही कामं करायला मुंबईत माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर एवढ्याशा कामाला येत नाही. सुरुवात स्वतःच्या घरापासून करा, मग शेजारच्या दारापासून. मुलाला आधी सांगा, म्हणजे पुन्हा फोटोचा प्रसंग येणार नाही. वॉचमनच्या केबिनचं दार बघा. पावसात तेही घासतच असणार. तिथे गेलात तर त्या दिवसाचं ओशाळलेपणही आपोआप निवळेल.

एखाद्या उघाडीच्या रविवारी नातवाला घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा. ती बाग तिथे १८६२ पासून आहे आणि झाडं तशीच जुनी, थोराड आहेत. प्राणी बघून झाले की त्याला साली दाखवा, बोटं फिरवायला लावा. गोरखचिंचेच्या बुंध्याला मिठी मारायला सांगा, त्याचे हात कुठवर पोचतात ते बघा. तुमच्याजवळचं त्याला द्यायचं असेल तर ते तिथून सुरू होतं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. झोप अशीच मोडत राहिली, जेवण जाईनासं झालं, आणि ज्या दिवशी रात्री तीनला तो ओंडकाही डोळ्यांसमोर येईनासा झाला, नुसता अंधार आला, तर दोन आठवडे वाट बघत बसू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नको असं मनात आलं, तर त्याच क्षणी फोन करा आणि वहिनींना उठवा.

आणि कुऱ्हाड. ती गावी असेल तर गणपतीला गेलात की इथे घेऊन या. नीट गुंडाळून आणा. या दमट हवेत तिकडे तिच्यावर गंज चढत असेल. कानस तुमच्या हातातली आहे, धार लावा, सहाणेवर गुळगुळीत करा, पात्याला तेलाचा हात द्या. नातू शेजारी बसला तर त्याला कानस धरायला शिकवा, लोखंडाच्या बोथट तुकड्यावर. नवा दांडा करायचा असेल तर तोही आत्ताच तासून ठेवा, हाताला बसेल असा. पण पात्यात ठोकू नका. श्रावण-भाद्रपदातलं लाकूड हवेतली ओल पिऊन फुगलेलं असतं. आत्ता घट्ट बसलेला दांडा मार्गशीर्षाच्या कोरड्या वाऱ्यात आक्रसतो, आणि मग पातं सैल होऊन घाव घालताना निसटतं. दांडा आणि पातं वेगवेगळं बांधून गावी न्या. आठ दिवस दांडा पडवीत वाऱ्यावर राहू द्या. पाचर तिथेच मारा.